फ्लॅटचा विमा : बांधकाम वेगळे, सामान वेगळे

जळगाव, धुळे वा भुसावळमध्ये फ्लॅट घेणाऱ्याने विम्याचा अर्ज भरताना सर्वप्रथम रकमेकडे लक्ष द्यावे. खरेदीखतातील किमतीत जागेचे मोलही धरलेले असते. जमीन जळत नाही, म्हणून विमा बांधकामाचाच उतरवला जातो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत चटई क्षेत्राला (फ्लॅटच्या आतील वापरायच्या जागेला, म्हणजे कार्पेट एरियाला) बांधकामाच्या चालू दराने गुणून ही रक्कम काढतात. समजा, क्षेत्र ७०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये असेल, तर विमा १४ लाखांचा होईल, मग फ्लॅट ३५ लाखांना घेतलेला का असेना. एजंटने खरेदीची किंमत लिहिली असेल, तर ती दुरुस्त करून घ्यावी. नाहक जास्त हप्ता भरण्यात काहीच हशील नाही.

घरातील सामानाला याच पॉलिसीत बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वरील उदाहरणात ते २ लाख ८० हजार होईल. सामान त्याहून अधिक मोलाचे असल्यास तपशील देऊन रक्कम वाढवता येते. दागिने मात्र यात येत नाहीत, आणि सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात तर हे बजावूनच सांगायला हवे. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते.

आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल, तसेच पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे यांमुळे झालेले नुकसान भरून मिळते. भिंतीत वर्षानुवर्षे मुरणारी ओल आणि वापराने होणारी झीज यांचे पैसे मिळत नाहीत. चोरीबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो : आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, आणि तीही घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली चोरीच मूळ पॉलिसीत धरली जाते. सुट्टीत कुलूप फोडून झालेल्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण हवे. खानदेशच्या उन्हाळ्यात कूलर रात्रंदिवस चालतो. त्याची मोटर शॉर्टसर्किटने जळाली तर मोटरचे पैसे मिळत नाहीत, पण तिथून पडदे आणि दिवाण पेटले तर त्यांची भरपाई मागता येते.

जिना, लिफ्ट आणि गच्ची या सामाईक भागांचा विमा सोसायटीने उतरवायचा असतो. तो चालू आहे का, हे सचिवांकडे पॉलिसीची प्रत मागूनच तपासावे. गृहकर्जासोबत बँकेने काढून दिलेली पॉलिसीही एकदा वाचावी, कारण तीत सामान धरलेलेच नसते, असे पुष्कळदा आढळते.

नुकसान झाल्यावर कंपनीला लगेच कळवावे, आग असल्यास अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा आणि नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत जळके सामान भंगारवाल्याला देऊ नये. फोटो आणि खरेदीच्या पावत्यांची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे किंवा मोबाइलमध्ये ठेवलेली बरी. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास खानदेशातील पॉलिसीधारकाला पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.