नेत्यावर भ्रष्टाचाराचा आरोप झाला तर काय काय तपासावं? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी वाचकांसाठी

आपल्याकडे नेत्यावर आरोप झाला की आधी विचारलं जातं, तो मराठी की कन्नड? आपला असला तर ‘मराठी माणसाला संपवायचा डाव’, पलीकडचा असला तर ‘मला ठाऊकच होतं’. सीमाप्रश्नात पिढ्या गेल्या, त्यामुळे हे होतं, आणि मला ते समजतं. पण रस्त्याचे पैसे खाल्ले गेले तर खड्डा दोघांच्याही दारात पडतो. म्हणून कागद कसे बघायचे ते सांगतो.

सर्वांत आधी आरोप एका वाक्यात लिहून काढा. ‘त्यानं तालुका लुटला’ हा राग झाला, तो तपासता येत नाही. ‘अमुक रस्त्याचं बिल काढायला अमुक टक्के मागितले’ हे तपासता येतं. सांगणाऱ्यानं स्वतः पैसे दिलेत की कट्ट्यावर ऐकलंय, तेही त्याच कागदावर लिहा.

मग प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा: तक्रार, एफआयआर, आरोपपत्र, आरोपनिश्चिती की निकाल? राजीनामा या यादीत येत नाही. जुलै २०११ मध्ये खाणींवरच्या लोकायुक्त अहवालानंतर बी. एस. येडियुराप्पा यांनी कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडलं. खाणीशी जोडलेल्या लाचेच्या खटल्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. मधली पाच वर्षं लोक त्यांना आपापल्या सोयीनं दोषी किंवा निर्दोष म्हणत होते.

टप्पा ओळखताना आपण मराठी माणसं हमखास फसतो, कारण बातमी आणि कागद कन्नडमध्ये असतात आणि शब्द ओळखीचे वाटतात. कन्नड बातमीत ‘खुलासे’ दिसलं की आपल्याला वाटतं, नेत्यानं खुलासा केला. तिथे त्याचा अर्थ निर्दोष सुटका. ‘दूरु’ म्हणजे तक्रार, ‘तनिखे’ म्हणजे तपास, ‘दोषारोप पट्टी’ म्हणजे आरोपपत्र. मालमत्तेच्या कागदात ‘साल’ आलं तर ते वर्ष समजू नका, ते कर्ज आहे. कन्नड वाचणारा शेजारी असेल तर त्याच्याबरोबर बसून वाचा, अंदाजानं वाचू नका. खटला कोर्टात असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधून पुढची तारीख मिळते. जुनं प्रकरण असेल तर एवढं ध्यानात ठेवा: २०१६ पासून भ्रष्टाचाराच्या तक्रारी एसीबीकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे) होत्या, ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती संस्था रद्द केली आणि काम परत लोकायुक्त पोलिसांकडे आलं.

संपत्तीबद्दल आरोप असेल तर उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र काढा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतं. २०१८ आणि २०२३ ची दोन्ही शेजारी ठेवा. ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट’ असा मथळा वाचला की मी आधी जमिनीचा तक्ता उघडतो. त्यात सर्व्हे नंबर, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, वारसाहक्कानं आली का आणि आजचा बाजारभाव असे रकाने असतात. सर्व्हे नंबर तोच असेल आणि फक्त बाजारभाव वाढला असेल, तर ती कमाई नव्हे. नवा सर्व्हे नंबर आला असेल तर मात्र थांबा. खरेदीची रक्कम आणि त्याच प्रतिज्ञापत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न यांचा मेळ बसतो का ते पेन्सिलीनं मांडा. पत्नीच्या आणि अवलंबितांच्या नावचे रकाने सोडू नका, पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. कर्नाटकात आमदारांना दरवर्षी ३० जूनपर्यंत लोकायुक्तांकडेही मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. आपल्या भागात ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

कामातल्या कमिशनचा आरोप असेल तर वर्क ऑर्डर (कामाचा लेखी आदेश), मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) आणि बिल हे तीन कागद मागा. मार्च २०२२ मध्ये हिंडलग्यातल्या कामांवरून बेळगावच्या एका ठेकेदारानं तेव्हाचे ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांच्यावर ४० टक्के कमिशनचा आरोप केला. पुढे एप्रिलमध्ये त्या ठेकेदाराचा उडुपीत मृत्यू झाला. मंत्र्यांनी आरोप नाकारला, पण राजीनामा दिला. आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या प्रकरणात जुलैमध्ये पोलिसांनी ‘बी रिपोर्ट’ दिला, म्हणजे पुरावा नाही असा अहवाल. असा अहवाल न्यायालयापुढे जातो आणि तक्रारदाराला त्यावर हरकत घेता येते. या सगळ्यात वाद फिरत राहिला तो वर्क ऑर्डरभोवती: लेखी आदेश नसताना काम झालं कसं? गावातल्या प्रत्येक कामाला हा प्रश्न विचारता येतो.

हे कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. भाषा कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी; मराठीत केलेला अर्ज परत येण्याची भीती असते. याचं दुःख मलाही आहे, पण कागद हातात येणं महत्त्वाचं.

लाच घेताना पकडायला लावलेल्या सापळ्याच्या बातमीत हात गुलाबी झाल्याचं वाचाल. नोटांना लावलेली पावडर सोड्याच्या पाण्यात गुलाबी होते, त्यातून नोटांना हात लागला एवढंच कळतं. पैसे मागितले होते, हे कोर्टात वेगळं सिद्ध करावं लागतं.

इतकं बघूनही शंका उरली तर लोकायुक्तांकडे ठरलेल्या नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. खोटी तक्रार केल्यास शिक्षा आहे, तेव्हा ऐकीव गोष्ट त्यात घालू नका. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.