भावनांची स्पॅनिश वर्कशीट कशी तयार करावी

भावनांची वर्कशीट म्हणजे आपल्याला काय वाटतं ते ओळखून भरायचं पान. इंग्रजी वर्कशीट समोर ठेवून तिचं ओळीओळीने स्पॅनिश करू नका. कोरा कागद घ्या. पान भरणारा माणूस कोणत्या देशातला, किती वयाचा आणि स्पॅनिश ही त्याची घरची भाषा आहे का, हे आधी विचारा. ग्वातेमालातल्या किंवा मेक्सिकोच्या ओआहाकातल्या अनेकांची मातृभाषा माया, मिश्तेक किंवा झापोतेक असते. त्यांच्यासाठी लिहायला कमी आणि रंगवायला जास्त ठेवा.

एका पानावर एकच प्रसंग आणि चार जागा: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, भावनेचं नाव, तिचा जोर ० ते १०. लहान मुलांना आकडे नकोत, रंगवायला पाच रिकामी वर्तुळं द्या. शरीराची आकृती भावनेच्या नावाआधी हवी. 'नुदो एन ला गार्गान्ता', म्हणजे घशातली गाठ, चटकन सांगता येते. तिला नाव द्यायला वेळ लागतो.

खरी अडचण वाक्याच्या सुरुवातीत असते. 'सोय त्रिस्ते' म्हणजे 'मी आहेच उदास स्वभावाचा', तर 'एस्तोय त्रिस्ते' म्हणजे आत्ता उदास आहे. मुलाला रोज 'सोय…' पुढची जागा भरायला लावली, तर आजची भावना त्याच्या स्वभावावर चिकटते. 'स्येन्तो के…' ('मला वाटतं की…') ही सुरुवातही टाळा. तिच्यापुढे 'कुणालाच मी आवडत नाही' असं काहीतरी येतं. तो विचार आहे, भावना नव्हे.

माझी पसंती 'मे दा ___ क्वान्दो ___' ('मला ___ वाटते, जेव्हा ___') या ओळीला. मराठी माणसाला ती लगेच उमगते, कारण आपल्या 'मला भीती वाटते'मध्येही 'मी' कर्ता नसतो. पहिल्या जागी म्येदो (भीती), राब्या (संताप), वेर्ग्वेन्सा (लाज) अशी नामं येतात आणि दुसऱ्या जागी कारण आपोआप लिहिलं जातं. शिवाय नामांमुळे मुलगा-मुलगी भेदाने शेवट बदलावा लागत नाही. विशेषणं वापरायचीच असतील तर 'ओय मे स्येन्तो…' ('आज मला वाटतंय…') लिहा आणि 'कोन्तेन्तो / कोन्तेन्ता' (आनंदी) अशी दोन्ही रूपं छापा. एकच रूप छापलं की अर्ध्या मुलांना पान आपलं वाटत नाही.

शब्दांची यादी देशाप्रमाणे बदला, इथे आळस करू नका. 'पेना' म्हणजे स्पेनमध्ये दुःख, पण मेक्सिको आणि कोलंबियात संकोच किंवा लाज. 'कोराहे'चा शब्दकोशातला पहिला अर्थ धैर्य, मेक्सिकन घरात मात्र तो सर्रास राग. रागावलेल्याला स्पेनमध्ये 'एन्फादादो', लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'एनोहादो' म्हणतात. इंग्रजीवरून सरळ उचललेले शब्द तर पान वाया घालवतात. 'एक्सितादो'त लैंगिक उत्तेजनेचा अर्थ डोकावतो, आनंदाच्या उत्साहाला 'एमोस्योनादो' लिहा. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर.

संबोधन ठरवा: मुलांशी 'तू' (स्पॅनिशमध्येही तेच), मोठ्यांशी आदरार्थी 'उस्तेद', अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'वोस'. जे निवडाल ते शेवटपर्यंत पाळा. तयार पान त्याच देशातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

छापण्याआधी फॉन्ट तपासा. वयाच्या ओळीतल्या 'आन्योस' (वर्षं) या शब्दातल्या एन अक्षरावरची नागमोडी रेघ गळली, तर त्या शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्हही हवंच.

भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शुद्धलेखन सुधारू नका, रिकामी राहिलेली जागा भरायला लावू नका. ताज्या धक्क्यावरचं पान घरी एकट्याने भरायला देऊ नका. स्वतःला इजा करण्याचा उल्लेख दिसला, तर वर्कशीट बाजूला ठेवा, माणसाला एकटं सोडू नका आणि प्रशिक्षित तज्ज्ञाला लगेच बोलवा.