पार्कात फोटो काढताना या चुका टाळा: आजी फोटोत दिसली पाहिजे

बडनेऱ्याला रात्री गाडीत बसायचं, सकाळी कल्याणला उतरून खोपोलीची लोकल धरायची, तिथून पुढे इमॅजिका थीम पार्क. गावाकडून असा प्रवास वर्षा-दोन वर्षांत एकदा जमतो, तोही कापसाला बरा भाव मिळाला तर. म्हणून फोटो बिघडले की जिवाला लागतं. आम्ही नऊ जण गेलो तेव्हा चारशेच्या वर फोटो निघाले. आजीचा चेहरा नीट दिसतो असे त्यात फक्त तीन.

पहिली चूक दारातच होते. अख्खी कमान यावी म्हणून फोटो काढणारा मागे मागे जातो आणि माणसं मुंगीएवढी होतात. घरच्यांना कमानीला चिकटून उभं करूच नका. त्यांना तुमच्यापासून चार-पाच पावलांवर बोलवा, कमान दूर मागे राहू द्या आणि तुम्ही उकिडवे बसा. कमानही मावते, चेहरेही ओळखू येतात. वाइड लेन्स लावली तर कडेच्या माणसाचं तोंड ताणलं जातं. म्हाताऱ्या माणसांना मधे घ्या.

भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. टोपी घातलेल्या आबाजींचं तर अर्धं तोंड काळं येतं. इमारतीच्या सावलीत, कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं करा आणि स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा. सगळ्यांचा एकत्र फोटो सकाळी गेल्या गेल्या घ्या, नाहीतर निघायच्या आधी. दुपार पोट्ट्यांना खेळू द्या.

फोटो धुरकट येतोय? बहुतेक वेळा भज्याच्या तेलाचं बोट काचेला लागलेलं असतं. सुती दुपट्ट्याने पुसा.

रोलर कोस्टरवर मोबाइल हातात धरून बसू नका. निसटला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात बसेल. खाली थांबा, एक फेरी नुसती बघा, गाडी कुठे हळू होते ते हेरा. तिथे बोट दाबून फोकस बांधून ठेवा आणि गाडी आली की एकापाठोपाठ फोटो घ्या. मला विचाराल तर उतरतानाचा फोटो त्याहून चांगला: केस विस्कटलेले, पाय लटपटताहेत आणि तरी पोरगं म्हणतंय, अजून एकदा!

वॉटर पार्कसाठी मोबाइलचा वॉटरप्रूफ पाऊच घेतला असेल तर आधी घरी आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवून बघा. मोबाइल भिजलाच तर पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

आणि पिशव्यांपाशी बसलेल्या माणसाला विसरू नका. आमच्या फोटोंत आई जवळजवळ नाहीच. पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवा, 10 सेकंदांचा टायमर लावा, सगळे या.

घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फोटो उडवू नका, तिथे ते बारीक होतात. छापायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्या तिनांतला एक आम्ही तालुक्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. आजी बाकावर बसून वर बघतेय, पदर तोंडाला लावून हसतेय. वर गरगर फिरणारे आम्ही त्यात कुठेच नाही.