आवाजाआधी धूळ मोजा: स्वच्छ ऊर्जा आणि आरोग्य फेलोशिपला निघालेल्यांसाठी

स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांचा आसपासच्या लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, या विषयावरच्या विद्यार्थी फेलोशिपला अर्ज करणाऱ्यांपैकी बरेच जण एक विषय आधीच पक्का करून येतात. तो विषय म्हणजे पवनचक्क्यांचा आवाज. मी अशी फेलोशिप केली आहे आणि आता अधूनमधून नव्यांचे अर्ज वाचून देतो. सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं: आधी बांधकाम बघा, मग पैसा कुणाला मिळतो ते बघा, आवाजाकडे त्यानंतर वळा.

सौर प्रकल्प एकदा सुरू झाला की त्यातून धूर निघत नाही. पण तो उभा करताना शेकडो एकरांवरची झाडंझुडपं निघतात, जमीन सपाट होते आणि अवजड गाड्यांची ये-जा सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो काउंटीत दोन सौर प्रकल्पांच्या बांधकामावरच्या ४४ कामगारांना २०११ ते २०१४ या काळात 'व्हॅली फीवर' झाल्याचं आढळलं. या रोगाची बुरशी तिथल्या मातीत असते आणि खोदकामाच्या धुळीबरोबर श्वासातून फुफ्फुसात जाते. पॅनलचा यात काही संबंध नव्हता, दोष उकरलेल्या मातीचा होता. शिवाय आजारी पडले ते कामगार. बांधकामावरचे लोक तात्पुरत्या वस्तीत राहतात, गावाच्या घरयादीत त्यांची नावं नसतात, आणि घरोघरी फिरणाऱ्या सर्वेक्षणातून ते अलगद सुटतात. त्यांना कसं गाठणार, हे अर्जातच लिहिलेलं असलं तर निवड समितीचं लक्ष जातंच.

जलविद्युतचंही तसंच. घानात १९६५ मध्ये अकोसोंबो धरण झालं, व्होल्टा सरोवर भरलं, आणि साचलेल्या पाण्यात गोगलगायी वाढल्या. त्यांच्यामार्फत पसरणारा शिस्टोसोमियासिस हा परजीवी कृमींचा आजार काठावरच्या गावांत पुढे कितीतरी वाढला. टर्बाइनशेजारी यंत्र लावून बसणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

आता पैशाबद्दल. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या ७२५ जणांचा अभ्यास झाला होता. ज्यांना त्या पवनचक्क्यांतून उत्पन्न मिळत होतं, त्यांच्या घरी आवाज जास्त पोचत असूनही त्यांनी त्रासाची तक्रार जवळजवळ केलीच नाही. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत जमीन भाड्याने दिली आहे का, घरातल्या कुणाला प्रकल्पावर काम मिळालं का, हे प्रश्न हवेतच. मात्र ते शेवटी ठेवा. सुरुवातीलाच विचारले तर समोरचा सावध होतो आणि पुढची सगळी उत्तरं मोजूनमापून देतो.

मुळात प्रश्नावलीत प्रकल्पाचं नाव किती उशिरा येतं, यावर बरंच अवलंबून असतं. एका घरी मी आजींना विचारलं, "आजी, रात्री झोप कशी लागते?" त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला पवनचक्कीचंच ऐकायचंय ना? मग लागत नाही असं लिही." बसून थोड्या गप्पा झाल्यावर गुडघेदुखी निघाली, रात्री उशिरापर्यंत चालणारा नातवाचा मोबाईल निघाला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने, हेल्थ कॅनडाने, १,२३८ लोकांचा अभ्यास केला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'सामुदायिक आवाज आणि आरोग्य' असं ठेवलं होतं, पवनचक्कीचा उल्लेख मुद्दाम टाळून. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार आवाज वाढला तशी लोकांची चीड वाढत होती, पण त्यांनी स्वतः सांगितलेल्या आजारांशी किंवा झोपेच्या तक्रारींशी आवाजाचा संबंध दिसला नाही. चीड हाही परिणामच आहे, तो क्षुल्लक समजू नका. फक्त त्याला आजार म्हणू नका.

आवाज मोजायचाच असेल तर मीटरवर स्पंजचं आवरण चढवा आणि वाऱ्याचा वेग सोबत नोंदवा. मायक्रोफोनपाशी वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की तुम्ही पवनचक्की कमी आणि वाराच जास्त मोजत असता. डीबीए या डेसिबलच्या नेहमीच्या मापात कमी वारंवारितेचा, म्हणजे खर्जातला, आवाज दबतो, तेव्हा लोकांची तक्रार घुमण्याची असेल तर असा आवाज कमी दाबणारं डीबीसी हे मापही घ्या. कुत्रं भुंकलं, पंप सुरू झाला, ट्रॅक्टर गेला, सगळं वेळेसह वहीत लिहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये पवनचक्क्यांसाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. ती दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेल्या सरासरीची आहे आणि शिफारसही सशर्त आहे. निव्वळ रात्रीसाठी पुरेसा पुरावा नाही म्हणून वेगळा आकडा दिलेलाच नाही. अहवालात हा ४५ चा आकडा कुणी एका रात्रीच्या नोंदीशेजारी ठेवला, की परीक्षक तिथेच थांबतात.

धुळीच्या बाबतीत स्वस्त सेन्सरवर फार विसंबू नका. लेझरवर चालणारे हे सेन्सर हवा दमट असली की आकडा फुगवतात आणि जाड धूळ त्यांच्या नजरेतून निसटते. बांधकामाची धूळ नेमकी जाड असते! ते आधी एखाद्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहा, मगच गावात न्या.

अर्जातला प्रश्न छोटा ठेवा. 'सौरऊर्जेचे आरोग्यावरील परिणाम' हा प्रश्न काही महिन्यांत कुणाच्याच हाती लागत नाही. 'बांधकामाच्या काळात ट्रकच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांचा खोकला' हा लागतो. काम आधीच सुरू झालं असेल तर पूर्वीची स्थिती कशी कळणार? आरोग्य केंद्रातली जुनी बाह्यरुग्ण नोंदवही बघा आणि प्रकल्प नसलेलं एक गाव तुलनेला घ्या. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी मिळायला वेळ लागतो, आणि ती नसताना एकही मुलाखत घेता येत नाही. मुलांचा प्रश्न असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात.

फक्त नुकसान शोधायला निघालात तर चित्र अर्धंच राहील. कॅलिफोर्नियात २००१ ते २०११ दरम्यान कोळशावर आणि तेलावर चालणारी आठ वीजकेंद्रं बंद झाली, तेव्हा त्यांच्या ५ किलोमीटरच्या आत मुदतपूर्व बाळंतपणांचं प्रमाण ७.० वरून ५.१ टक्क्यांवर आलं. पण जुनं केंद्र बंद झाल्याने श्वास मोकळा होतो तो एका गावाचा, आणि नव्या प्रकल्पाची धूळ बसते ती दुसऱ्याच गावात. या दोन्ही गावांचा हिशेब एकाच कागदावर मांडणारं काम फार थोडे जण करतात. करायला जागा आहे.

आणि सही करण्याआधी करारातली दोन कलमं वाचा: माहिती कुणाच्या मालकीची राहणार, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करायला कुणाची परवानगी लागणार. पैसे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडून येत असतील तर हे तोंडी ठरवू नका, मार्गदर्शकाकडून लेखी घ्या. गावाला निष्कर्ष सांगायची सभा कोण घेणार आणि तिचा खर्च कशातून होणार, तेही त्याच कागदावर येऊ द्या.