मन दुखलंय? स्वतःला सावरताना या चुका टाळा

गेल्या आषाढात धाकट्या भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. त्या रात्री मी लागोपाठ चार मैत्रिणींना फोन केले. चौघींनाही तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चौथा फोन ठेवला तेव्हा राग ओसरायचा सोडून दुप्पट झाला होता.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बोललं की मन हलकं होतं, पण एकदाच. पुन्हा पुन्हा सांगताना आपण जखमेची खपली काढत राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. म्हणून एकच माणूस निवडा आणि आधीच सांगा, 'सल्ला नको गं, नुसतं ऐक.'

कुणाशी बोलवत नसेल तर लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. आपण पहिल्याच दिवशी रडू आलं म्हणून वही मिटतो, तिथे चुकतो. आणि लिहिलेलं रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच माणसाला पाठवू नका, कृपा करून.

दुसरी मोठी चूक म्हणजे उपाशी पोटी दुःख करत बसणं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी गोव्यातच कवळे गावी मावशीकडे गेले. तिने काही विचारलं नाही. अकरा वाजले होते, पेजेची वेळ. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला मिठाच्या पाण्यातली तोर, म्हणजे कोवळी कैरी. वाफेने चष्मा धुरकटला. तोर दाताखाली आली तसं तोंडाला पाणी सुटलं आणि आदल्या दुपारपासून आपण काहीच खाल्लेलं नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'आधी जेव गो बाय, मग रड,' एवढंच मावशी म्हणाली. त्या दिवसापासून मन बिघडलं की मी आधी पोटाला विचारते.

जेवणाच्या जागी कॉफी नको. संध्याकाळी सातला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन मध्यरात्री अंगात असतं. दारूचं तर बोलायलाच नको; आपल्या गोव्यात ती कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि मग पहाटेपर्यंत तेच विचार.

समुद्रावर जरूर जा. मात्र जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नका, पणजीच्या मिरामारलासुद्धा नाही. वाळूत चाला, श्वास सावकाश सोडा, आणि मोबाईल गाडीतच ठेवा. लाटांसमोर बसून रील बघितले तर लाटा दिसतच नाहीत.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप-भूक हरवलेली असेल, तर ते घरगुती उपायांवर ढकलू नका. पणजीजवळ बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नका, लगेच १४४१६ लावा. ही टेली-मानस सेवा दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.