वाटी घेऊन मागे धावणं सोडलं, तेव्हा नात जेवायला लागली

आमची नात पावणेदोन वर्षांची होती तेव्हा तिचं एक जेवण दीड तास चालायचं. मी वाटी घेऊन अंगणात, सून मोबाइल धरून समोर. काऊचा घास, चिऊचा घास करता करता अर्धा भात तिच्या गालातच साठायचा आणि शेवटी सगळा बाहेर यायचा. मग पोर उपाशी राहील म्हणून वर दुधाची बाटली.

खरी गोम त्या बाटलीत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला दूध किती पिते?" मोजलं तर २०० मिलीच्या पाच बाटल्या, म्हणजे लिटरभर. पोट दुधानंच भरलेलं, भूक लागणार कुठून? शिवाय दुधात लोह नसल्यात जमा, आणि जेवणातलं लोहही ते नीट अंगी लागू देत नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. या वयात ते ११च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. लोहाचं औषध सुरू झालं, पण घरातली रीतही बदलावी लागली.

आधी बाटली गेली. आता दूध दोनदाच, पेल्यातून, मिळून चारशे मिलीच्या आसपास, आणि जेवणाच्या तोंडावर कधीच नाही. पहिले चार दिवस रडारड झाली. सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझाही जीव तुटायचा. पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता ती स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भात."

मग वेळा ठरवल्या. साडेआठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण, साडेचारला खाऊ, साडेसातला रात्रीचं जेवण. मधे फक्त पाणी. हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा, आजोबांना तर आधी. बारा वाजता हातावर ठेवलेली दोन बिस्किटं एकचं जेवण घालवतात.

जेवायला ती आमच्याच पंगतीत बसते, मोबाइल आणि टीव्ही बंद. काय वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते ती. वाढायचं अगदी थोडं: दोन चमचे वरण-भात, पोळीचे चार तुकडे, भाजी सुपारीएवढी. लागलं तर मागते. ताटलीत तिला हमखास आवडणारं काहीतरी असतंच, बहुतेक वेळा मेतकूट-तूप-भात. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची. "एवढं संपव" नाही आणि "संपवलंस तर चॉकलेट" तर मुळीच नाही. त्यानं भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, एवढंच पोराच्या डोक्यात बसतं.

ती कमी खाते असं वाटतं, पण त्यातलं बरंचसं वयाचंच असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते.

आता भाजीचं. पहिल्या दिवशी मेथीचं पान चिमटीत धरून तिनं ताटलीच्या कडेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी कडेला पानांची ओळच लावली. मी काही बोलले नाही, आम्ही आमची भाजी खात राहिलो. पुढच्या वेळी जुडी निवडायला तिला शेजारी बसवलं. ती पानं खुडायची, देठ माझ्या हातात द्यायची, बोटांचा वास घ्यायची. लसूण ठेचताना बत्त्यावर माझ्या हातावर तिचा हात. आठव्या वेळी पान जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली. अकराव्या वेळी मूगडाळ घातलेली मेथी पोळीत गुंडाळून मागितली, "माझी भाजी" म्हणून. एखादी चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच "हिला मेथी आवडत नाही" म्हणून मोकळे होतो.

थालीपिठात दुधी, धिरड्यात पालक मीही घालते, पण भाजी भाजीच्या रूपातही ताटात दिसू द्या. पोट लहान असतं, म्हणून प्रत्येक घास कसदार हवा: तुपाची धार, दाण्याचं कूट, अंडं, नाचणीचं सत्त्व. वरणावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. चहा मात्र बशीतून चाटायलासुद्धा देऊ नका.

अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. खाताना पोर बसलेलंच हवं, पळताना घास नको.

एवढं करूनही वजन वाढत नसेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, मोजके तीन-चार पदार्थ सोडून कशालाच हात लावत नसेल, किंवा माती, भिंतीचा चुना खात असेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून कार्डावर लिहून घ्या. आमची नात आता सव्वादोन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचं ११.१ किलो भरलं आणि तपासणीत रक्त ११.४ आलं. काट्यावरून उतरताना ती ताईंना विचारत होती, "खिचडी झाली?"