घरातील लॅनवरून निर्भेळ संगीत

मिरजेचा तानपुरा ज्याने समोर बसून ऐकला आहे, त्याला तारा घोडीवर टेकतात तिथल्या जवारीतून उठणारा गुंजारव कानात ठेवून देता येतो. तोच गुंजारव ब्लूटूथ स्पीकरवर पुसट होतो, कारण ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत ध्वनीतील बराच तपशील गाळून सेकंदाला जेमतेम ३२८ किलोबिट पाठवले जातात. सीडीवरील ध्वनीला मात्र १,४११ किलोबिट लागतात. घरातील संगणक, राउटर अशी उपकरणे एकमेकांना जोडणारी साधी लॅन केबल सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेते आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रणही त्यातले सव्वानऊ मेगाबिटच व्यापते. त्यामुळे वेगाची चिंता सोडावी आणि जोडणी न तुटण्याकडे सगळे लक्ष द्यावे.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी मी प्रथम वायफायवरच भिस्त ठेवली होती. नऊ इंची विटांच्या दोन भिंती ओलांडताना सिग्नल इतका क्षीण होई, की विलंबित ख्यालाची सम येता येता आवाज तुटे. जिथे स्पीकर कायमचे ठेवायचे आहेत, तिथे केबलच ओढावी, हे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

केबल कॅट-६ प्रतीची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही सर्रास मिळते, म्हणून दुकानातच तारेचा तुकडा ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरट चकाकी दिसली, तर ती केबल परत करावी. याहून महागड्या ‘ऑडिओ’ लॅन केबलवर खर्च करण्याची गरज नाही, कारण माहिती आकड्यांच्या रूपात जाते आणि वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. ते पैसे स्पीकरसाठी राखावेत. विजेच्या वायरी असलेल्या पाइपातून ही केबल कधीही नेऊ नये. तिच्यासाठी वेगळी केसिंग-पट्टी मारून घ्यावी.

टोकाला कनेक्टर बसवताना घाई नडते. कनेक्टरची खिटी खाली आणि धातूच्या पिनांचे टोक आपल्यापासून दूर धरून डावीकडून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच ठेवावा आणि तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. माझ्या एका खोलीत वेग १०० मेगाबिटवर अडकला होता, तो केवळ एक तार टोकापर्यंत पोहोचली नव्हती म्हणून.

संगीत साठवण्यासाठी जुना संगणक पुरतो. सीडी फ्लॅक स्वरूपात उतरवून घ्याव्यात. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण ध्वनीचा कणही गळत नाही. एमपीथ्री फाइल फ्लॅकमध्ये बदलल्याने मात्र गेलेला तपशील परत येत नाही. त्या संगणकावर लिरियन म्युझिक सर्व्हर हा मोफत प्रोग्रॅम चढवावा आणि राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे लॅनवरील त्याचा ओळख क्रमांक, कायमचा राखून ठेवावा.

प्रत्येक खोलीत स्पीकरजवळ रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक ठेवून त्यावर पायकोअरप्लेअर हा संगीत वाजवणारा प्रोग्रॅम चालवावा आणि त्याला यूएसबी डॅक जोडावा. आकड्यांचे पुन्हा विद्युत लहरींत रूपांतर डॅकच करतो. म्हणून आवाजाची प्रत लॅनपेक्षा डॅक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांवर ठरते. प्लेअरमधील आवाज पूर्ण ठेवून कमीजास्त करण्याचे काम ॲम्प्लिफायरच्या बटणावर सोपवावे. दोन खोल्यांत एकच मैफल लावायची असल्यास दोन्ही प्लेअर सर्व्हरमध्ये एकमेकांना बांधून द्यावेत आणि मधल्या दारात उभे राहून तबल्याचा ठोका ऐकावा; तो दुहेरी ऐकू आला, तर पुढे जाणाऱ्या प्लेअरला काही मिलिसेकंद उशीर द्यावा.

राउटर, सगळ्या लॅन केबल एकत्र जोडणारा स्विच आणि सर्व्हर ही तिन्ही उपकरणे इन्व्हर्टरवर घ्यावीत. यांपैकी एकही बंद पडले, तर सगळ्या खोल्या गप्प होऊ शकतात. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवून सर्व्हर वरच्या मजल्यावरच ठेवावा आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे द्यावी.